चाप कधी सुटतो? श्वसनमार्गातल्या विषाणूंची घडण



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते शरीररचना शिकवत. अवयवाचं काम सांगण्याआधी तो अवयव फळ्यावर काढून दाखवायला लावत आणि आकृती चुकली की पुढचं उत्तर ऐकूनच घेत नसत. त्यांची ती शिस्त पाळून आज मी ज्या वस्तूच्या रचनेविषयी बोलणार आहे, ती शाळा-कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. इन्फ्लुएंझाचा विषाणू गोल असेल तर त्याचा व्यास साधारण ८० ते १२० नॅनोमीटर भरतो. असे दहा हजार विषाणू ओळीनं मांडले तर एक मिलिमीटर होईल.

विषाणूचं चित्र आता घरोघरी ओळखीचं झालं आहे. करड्या चेंडूवर लाल काटे. चित्र खोटं नाही, पण ते स्थिर आहे, आणि तिथंच ते आपली दिशाभूल करतं. विषाणूचा काटा हा नुसता खिळा नव्हे. त्यात ताण साठवलेला असतो. तो ताण कुठं सुटायचा आणि कुठं सुटायचा नाही, यावर संसर्ग होणार की नाही, कोणत्या अवयवात होणार, आणि लस चालणार की फसणार, इतकं सगळं ठरतं.

प्रश्न असा आहे. विषाणूला शिंकेच्या थेंबात, हवेत, हाताच्या तळव्यावर टिकायचं असतं, म्हणजे त्याची बांधणी पक्की हवी. पण पेशीत शिरल्यावर त्याला आतलं जनुकीय द्रव्य मोकळं करायचं असतं, म्हणजे तीच बांधणी उलगडायलाही हवी. शिवाय ज्या पेशीत एक विषाणू उलगडतो, त्याच पेशीत काही तासांनी नवे विषाणू बांधले जातात. जागा तीच, भाग तेच. मग नवा विषाणू बांधता बांधताच उलगडत कसा नाही? बाहेर पडल्या पडल्या त्याच पेशीला पुन्हा चिकटत कसा नाही? पाठ्यपुस्तकात प्रवेश एका प्रकरणात असतो आणि जुळणी दुसऱ्या प्रकरणात, म्हणून हा प्रश्न विद्यार्थ्याला पडतच नाही. मला तो या विषयाचा गाभा वाटतो.

इन्फ्लुएंझापासून सुरुवात करू. १९३३ मध्ये लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसाच्या घशातल्या स्रावातून हा विषाणू फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात पोचवला, आणि माणसाच्या फ्लूचं कारण विषाणू आहे हे पक्कं झालं. पण तो दिसतो कसा, हे कळायला बराच काळ जावा लागला. १९८१ मध्ये इयान विल्सन, जॉन स्केहेल आणि डॉन वायली यांनी त्याच्या मुख्य काट्याची, हिमॅग्लुटिनिनची, रचना क्ष-किरणांच्या मदतीनं अणूअणूनिशी मांडली. तीन सारखी प्रथिनं एकमेकांना बिलगून उभी आहेत, लांबी सुमारे साडेतेरा नॅनोमीटर. वरच्या टोकाला खळगा, तो पेशीवरच्या सायलिक आम्ल नावाच्या शर्करेला धरतो. आणि खोडाशी, आत दडवून ठेवलेलं, मेदात रुतू शकणारं एक टोक.

हे टोक तिथं कशासाठी लपवलेलं आहे, याचं उत्तर १९९४ मध्ये मिळालं. वायली आणि स्केहेल यांच्याच गटानं आम्लात बदललेल्या हिमॅग्लुटिनिनची रचना प्रसिद्ध केली, आणि ते प्रथिन ओळखू येऊ नये इतकं बदललेलं होतं. विषाणू पेशीला चिकटतो, पेशी त्याला पटलाच्या एका पिशवीत घेऊन आत ओढते. पिशवी आत जाते तशी तिच्यातली आम्लता वाढते. सामू ५च्या आसपास आला की काट्याची तीन डोकी एकमेकांपासून सुटतात, खोडातली एक सैल घडी ताठ सर्पिल होते आणि लपलेलं टोक सुमारे दहा नॅनोमीटर दूर फेकलं जाऊन पिशवीच्या पटलात रुततं. मग काटा मधोमध दुमडतो आणि विषाणूचं पटल व पिशवीचं पटल एकमेकांवर ओढून एकजीव करतो. उंदराच्या सापळ्याचा चाप ओढून अडकवलेला असतो, तसा हा काटा असतो. शक्ती बाहेरून येत नाही, ती बांधणीतच साठवलेली आहे. चाप एकदा सुटला की तो परत लागत नाही.

मग नव्या विषाणूच्या काट्याचा चाप पेशीतच का सुटत नाही? कारण तो तिथं लावलेलाच नसतो. हिमॅग्लुटिनिन आधी अखंड साखळी म्हणून तयार होतं आणि अखंड असताना ते आम्लातही उलगडत नाही. ती साखळी एका ठरावीक जागी कापली गेली की मगच तिच्यात ताण येतो. माणसाच्या नेहमीच्या फ्लूत ही कापणी श्वसनमार्गातल्या पेशींवर असणारी टीएमपीआरएसएस२सारखी विकरं करतात. फ्लू आपल्याकडं मुख्यतः नाकापासून फुप्फुसांपर्यंतच राहतो, यकृतात किंवा मेंदूत सहसा शिरत नाही, याचं एक मोठं कारण हे की चाप लावणारा हात त्याच भागात असतो.

कापणीच्या त्या जागेत थोडाच बदल झाला तर काय होतं, ते आपण महाराष्ट्रात पाहिलं आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या पटापट मरू लागल्या. भारतातला एच५एन१ बर्ड फ्लूचा तो पहिला उद्रेक. या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनमध्ये कापणीच्या जागी आम्लारिधर्मी अमिनो आम्लांची सलग रांग असते. ती रांग फ्युरिन नावाचं विकर ओळखतं, आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत असतं. म्हणजे कोंबडीच्या कोणत्याही अवयवात हा विषाणू चाप लावूनच बाहेर पडतो. श्वासाचा रोग सगळ्या देहाचा होतो. नवापूरला लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, अनेक कुटुंबांचा धंदा बसला. आणि या सगळ्याच्या मुळाशी प्रथिनाच्या एका वळणावरची मोजकी अमिनो आम्लं होती.

पण अशा विषाणूपुढं एक अडचण उभी राहते. चाप पेशीच्या आतच लागला, आणि बाहेर येण्याची वाट तर गॉल्जी पिंडाच्या किंचित आम्लधर्मी कप्प्यांतून जाते. तिथं एम२ नावाचं छोटं प्रथिन कामी येतं. ते पटलात नळीसारखं बसून हायड्रोजनचे आयन इकडून तिकडं जाऊ देतं. कप्प्यांतली आम्लता त्यामुळं उतरते आणि काटे शाबूत राहतात. हेच एम२ आत शिरताना उलट काम करतं. पिशवीतले आयन विषाणूच्या पोटात सोडतं, त्यामुळं आतलं अस्तर सैल पडतं आणि आरएनएचे गठ्ठे मोकळे होतात. एकच नळी उलगडायलाही मदत करते आणि बांधणी जपायलाही. निसर्गातली अशी काटकसर पाहिली की मी पुन्हा पुन्हा थक्क होतो.

आता खुद्द जुळणी पाहू. इन्फ्लुएंझाचा जनुकीय मजकूर आठ वेगळ्या तुकड्यांत असतो. आठही हवेत, एक जरी राहिला तरी तो विषाणू स्वतःहून पुढं वाढू शकत नाही. समजा, आठ जागा आहेत आणि तुकडे नशिबानं, कसेही येऊन बसतात. मग आठ जागी आठ वेगळे तुकडे पडण्याची शक्यता किती? कागदावर गणित केलं तर ४१६ मध्ये एक. इतक्या उधळपट्टीवर साथ पसरली असती का, शंका आहे. २००६ मध्ये जपानमधल्या ताकेशी नोदा आणि योशिहिरो कावाओका यांच्या गटानं बाहेर पडणाऱ्या विषाणूंचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कापात आठ ठिपके दिसले: मधोमध एक, भोवती सात. म्हणजे गर्दीतून कसेही शिरलेले तुकडे नव्हेत, नीट रचलेली मोळी. प्रत्येक तुकड्याच्या टोकांशी मोळीत शिरण्याच्या खुणा असतात. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले तर या खुणा जुळतील तशी तुकड्यांची अदलाबदल होते. १९५७, १९६८ आणि २००९च्या जागतिक साथींचे विषाणू अशाच अदलाबदलीतून जन्मले.

ही मोळी पेशीच्या हवेकडच्या बाजूला येते. तिथं पटलाच्या एका पट्ट्यात काटे आधीच गोळा झालेले असतात, खालून एम१ प्रथिनाचं अस्तर लागतं आणि पटल बाहेर फुगू लागतं. शेवटी फुगवट्याची मान तोडण्याचं कामही एम२ करतं. इतर कित्येक विषाणू मान तोडायला पेशीचीच यंत्रणा वापरतात. इन्फ्लुएंझा आपलं हत्यार आपल्याबरोबर ठेवतो. प्रयोगशाळेत अंड्यात वाढवलेले विषाणू बहुधा गोल निघतात, पण रुग्णाच्या नमुन्यातून आलेले पुष्कळदा लांब तंतूंसारखे असतात. हे मुद्दाम सांगतो, कारण तो चेंडू म्हणजेच विषाणू असं समजून आपण चालतो.

मान तुटली तरी सुटका होत नाही. पेशीच्या पृष्ठावर सायलिक आम्ल दाट पसरलेलं असतं आणि नव्या विषाणूचे काटे त्यालाच धरायला बनलेले असतात. म्हणून इन्फ्लुएंझाकडं दुसरा काटा असतो, न्यूरामिनिडेज. तो हीच शर्करा छाटतो. पेशीवरची छाटतो, शेजारच्या भावंडांवरची छाटतो, आणि येताना वाटेत लागणाऱ्या श्लेष्म्यातलीही छाटतो. पहिला काटा धरतो, दुसरा सोडवतो. दोघांचा तोल बिघडला तर विषाणू एक तर चिकटतच नाही किंवा कायमचा अडकतो.

या दुसऱ्या काट्याची कथा ऑस्ट्रेलियातली आहे. १९६०च्या दशकात ग्रेम लेव्हर आणि रॉबर्ट वेबस्टर न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना वाळूत मेलेले समुद्रपक्षी दिसले आणि यांना फ्लूनं तर मारलं नसेल, असा विचार मनात आला. पुढं ग्रेट बॅरिअर रीफच्या बेटांवरच्या पक्ष्यांमध्ये त्यांना खरोखरच इन्फ्लुएंझाचे विषाणू सापडले. लेव्हर न्यूरामिनिडेजचे स्फटिक वाढवण्यात निष्णात होते. १९८३ मध्ये वर्गीस आणि कोलमन यांनी त्यांच्या स्फटिकांवरून रचना उलगडली. दिसलं असं, की विषाणू वरून कितीही बदलला तरी शर्करा छाटणारी खाच बदलत नाही. त्या खाचेत घट्ट बसेल असा रेणू घडवणं शक्य होतं, आणि १९९९ मध्ये झानामिविर आणि ओसेल्टामिविर ही दोन औषधं बाजारात आली.

ओसेल्टामिविर म्हणजे टॅमिफ्लू. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा हे नाव शहरात प्रत्येकाच्या तोंडी होतं. ही गोळी विषाणूला मारते, असाच समज तेव्हा होता. ती मारत नाही. ती त्याला जन्मस्थानी अडकवून ठेवते. म्हणूनच ती लक्षणं दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत घेतली तर सर्वाधिक उपयोगी पडते. विषाणू एकदा भरपूर पसरले की दार लावून फारसं साधत नाही. आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. हे औषध बनवताना सुरुवातीला लागणारं शिकिमिक आम्ल बरीच वर्षं चक्रफुलातून काढलं जाई, आपल्या मसाल्यातल्या बादियानातून.

कोरोना विषाणूकडं वळतो. त्याच्याविषयी गेल्या काही वर्षांत इतकं बोललं गेलं आहे की मी मोजकंच सांगेन. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेल्या जून आल्मेडा यांनी १९६०च्या दशकात लंडनमध्ये या कुळाचं स्पष्ट चित्र प्रथम टिपलं. मार्च २०२०च्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं भारतातल्या पहिल्या रुग्णाच्या नमुन्यातल्या कणाचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र प्रसिद्ध केलं. ७५ नॅनोमीटरचा तो कण पाहताना मला भीतीपेक्षा कृतज्ञता जास्त वाटली. शत्रूचं रूप आपल्याच शहरात, आपल्याच माणसांनी पाहिलं होतं.

या विषाणूची जुळणी पेशीच्या पृष्ठावर होत नाही. ती आत, अंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी यांच्या मधल्या पिशव्यांत होते, आणि कण पिशवीच्या पोकळीत अंकुरतो. त्याच्यावर काटे आपण चित्रात पाहतो तितके दाट नसतात, सरासरी २५च्या आसपास. पण प्रत्येक काट्याच्या दांड्यात तीन सांधे असतात. संशोधकांनी त्यांना खुबा, गुडघा आणि घोटा अशी नावं दिली. थोडेच काटे, पण चहूकडं वळणारे. बाहेर येताना फ्युरिन त्यांना एकदा कापतं, म्हणजे चाप अर्धा लागतो. दुसरी कापणी काटा एसीई२ या ग्राहीला धरल्यानंतरच होते. दोन कड्या काढल्याशिवाय दार उघडत नाही, म्हणून बांधणीच्या जागी ते सहसा उघडत नाही.

आता मी त्या विषाणूकडं येतो, ज्याच्यासाठी हा विषय निवडला. आरएसव्ही. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मूल त्याच्या तावडीतून जातं. बहुतेकांना सर्दी होते. काही तान्ह्यांच्या सूक्ष्म श्वासनलिका सुजतात, छाती आत ओढली जाते, दूध सुटतं. १९५६ मध्ये सर्दी झालेल्या चिंपांझींत तो प्रथम सापडला आणि लगेच रॉबर्ट चॅनॉक यांनी तो आजारी बाळांत ओळखला. पुढं लस करायची म्हणून विषाणू फॉर्मलिननं निष्क्रिय केला गेला, पोलिओच्या साल्क लशीसारखाच, आणि १९६६ मध्ये अमेरिकेत तो बाळांना टोचला. बाळांच्या अंगात प्रतिपिंडं तयार झाली. पण नंतर जेव्हा खरा विषाणू आला, तेव्हा लस घेतलेल्या आणि संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे ८० टक्क्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. लस न घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं दगावली. त्यानंतर कित्येक दशकं या लशीचं काम पुढं सरकलं नाही.

काय चुकलं होतं? बरीच कारणं आहेत, पण एक कारण रचनेत होतं. आरएसव्हीच्या एफ या काट्याला उलगडायला आम्ल लागत नाही. त्याचा चाप फार हलका आहे. पेशीच्या पृष्ठावर जमलेला एफ शेजारच्या पेशीशीही भिडतो आणि पेशी एकमेकींत विरघळून मोठे गोळे होतात. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथं असं आहे: आरएसव्हीला बांधणी आणि उलगडणं पूर्ण वेगळं ठेवता येतच नाही. विषाणूवरचे काही काटेही आपोआप सुटतात आणि सुटलेल्या, ताठ रूपात उभे राहतात. फॉर्मलिन दिलेल्या लशीत मुख्यतः हेच रूप होतं. शरीर शिकलं, पण सुटून गेलेल्या सापळ्याविरुद्ध शिकलं. जी प्रतिपिंडं तयार झाली, त्यांतली फारच थोडी विषाणूला रोखणारी होती.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांनी एफचं न सुटलेलं रूप पकडलं. डी२५ नावाच्या मानवी प्रतिपिंडानं त्याला धरून ठेवलं होतं. या रूपाच्या शेंड्यावर एक जागा आहे, जी सुटलेल्या रूपात उरतच नाही. आणि सर्वांत प्रभावी प्रतिपिंडं नेमकी तिलाच धरतात. मग त्यांनी प्रथिनाच्या दोन ठिकाणांमध्ये गंधकाचा बंध घातला, आतल्या पोकळ्या मोठ्या अमिनो आम्लांनी भरल्या, आणि चाप सुटणार नाही असा एफ बनवला. अर्धशतक अडलेली लस दहा वर्षांत उभी राहिली. २०२३ मध्ये ज्येष्ठांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी लशी मान्य झाल्या. कोविडच्या अनेक लशींत काटा दोन प्रोलीन अमिनो आम्लांनी जखडलेला आहे, पुण्यात बनलेल्या कोवोव्हॅक्समध्येही. ती युक्ती यांतल्याच काही जणांनी आधीच्या कोरोना विषाणूंवर काम करताना साधली होती. २०२०ची लस इतक्या लवकर आली याचं नवल आपण करतो. त्या वेगामागं एका बालरोगाचा लांबलेला शोध होता.

तान्ह्यांसाठी निर्सेव्हिमॅब नावाचं प्रतिपिंडही आहे. ते न सुटलेल्या एफच्या शेंड्याला धरतं आणि एका टोचणीत सुमारे पाच महिने, म्हणजे आरएसव्हीचा एक हंगामभर, संरक्षण देतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये सर्व देशांना शिफारस केली आहे की गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईला लस द्यावी किंवा बाळाला हे प्रतिपिंड द्यावं.

२०१९ मध्ये पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं आरएसव्हीमुळं गेली असा अंदाज आहे आणि त्यांतली ९७ टक्क्यांहून अधिक आपल्यासारख्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. मेळघाटातल्या आदिवासी गावांत दोन वर्षांखालच्या मुलांमधल्या आरएसव्हीचा अभ्यास झाला आहे. रुग्णालयापर्यंत न पोचता घरीच गेलेली बाळंही त्यात मोजली गेली. शहरातल्या नोंदींत ही बाळं येत नाहीत. एफच्या शेंड्यावरची ती जागा आता अणूअणूनिशी माहीत आहे, तिला धरणारं औषध बाटलीत आहे आणि ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मेळघाटातल्या धारणीच्या पुढं पावसाळ्यात जे रस्ते बंद होतात, त्यांच्या पलीकडच्या उपकेंद्रापर्यंत ते कोणत्या महिन्यात, किती किमतीत आणि कोणाच्या हातानं पोचणार, हे ठरवण्याचं काम आता आपल्यासमोर आहे, आणि ते काम रचनाशास्त्रज्ञांचं नाही.